बरं वाटत नाहीये का?

चाळिशी उलटल्यावर समाजशास्त्राचं एम.ए. करायला घेतलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. यानं प्रमोशन मिळणार का, आणि नसेल तर मग कशाला? माझ्याकडे दोन्हींची उत्तरं नव्हती. बी.कॉम. झाल्यापासून व्हाउचरं, लेजर आणि जीएसटीची रिटर्न्स यांतच हयात गेलेली, त्यामुळे वर्गात ‘सामाजिक नियंत्रण’ वगैरे शब्द आले की मी गुपचूप शेजारच्या मुलीच्या वहीत बघून लिहायचे. ती मुलगी माझ्या निम्म्या वयाची. मला ‘मॅम’ म्हणायची.

पहिल्या सत्राचा प्रकल्प सरांनी एका वाक्यात सांगितला: जो कुठेही लिहिलेला नाही असा एखादा नियम मोडा आणि लोक काय करतात ते लिहून आणा. कायदा मोडायचा नाही, कुणाला दुखवायचं नाही, कुणाच्या खिशाला धक्का लावायचा नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “सर, लोकांनी मारलं तर?”

“तर तेही लिहा.”

मग त्यांनी हॅरॉल्ड गारफिंकल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवायचे आणि विद्यार्थ्यांना असलेच उद्योग करायला लावायचे. फुली-गोळा खेळताना समोरच्याची फुली खोडून दुसऱ्या घरात मांडा आणि काही झालंच नाही असा चेहरा ठेवा. कुणी ‘कसं काय?’ विचारलं तर ‘कशाच्या बाबतीत? तब्येतीच्या, पैशांच्या की अभ्यासाच्या?’ असं उलट विचारा. दुकानात एकच भाव लिहिलेल्या वस्तूवर घासाघीस करा. १९६७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आणि त्यातल्या विचाराला ‘एथ्नोमेथडॉलॉजी’ असं नाव होतं. ते मी अजूनही एका दमात म्हणू शकत नाही. त्यांचं म्हणणं असं की रोजचं जगणं ज्या गृहीतकांवर उभं असतं ती आपल्याला दिसतच नाहीत. एखादं काढून घ्या, मग कुठे काय कोसळतं ते कळेल.

मोडायला नियम शोधण्यातच माझे बरेच दिवस गेले. लिहिलेले नियम सापडतात, न लिहिलेले सापडत नाहीत, कारण आपण ते पाळतोय हेच ठाऊक नसतं. शेअर रिक्षात मागच्यांनी पैसे पुढे द्यायचे आणि सुटे उलट वाटेनं मागे यायचे, हे मला कुणी कधी शिकवलं?

सुरुवात लिफ्टपासून केली. आमचं ऑफिस फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत आहे. लोखंडी जाळीचं दार ओढून लावणारा लिफ्टमन अजून आहे. १९६२ मध्ये ‘कॅन्डिड कॅमेरा’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात लिफ्टमधले सगळे नट दाराकडे पाठ करून उभे राहिले होते आणि बिचारा एकटा अनोळखी माणूसही हळूहळू वळत गेला होता. मी एकटीच, त्यामुळे माझ्यामागे कुणी वळण्याचा प्रश्नच नव्हता. मी दाराकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभी राहिले. दोन मजले कुणी काही बोललं नाही. समोरच्या गृहस्थांनी नजर छतावरच्या पंख्यात अडकवून ठेवली. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमनच म्हणाला, “मॅडमच्या डोळ्यांवर दारातला उजेड येतो बहुतेक.” सगळ्यांनी सुटका झाल्यासारख्या माना हलवल्या. मी वहीत लिहिलं, ‘कुणी चिडलं नाही.’ पुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्या वाक्यातला ऐवज मला तेव्हा दिसला नव्हता.

खरा प्रयोग लोकलमध्ये करायचा होता, आणि त्याची मला मनापासून भीती वाटत होती.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना भुयारी रेल्वेत पाठवलं. बसलेल्या माणसासमोर जायचं आणि कारण न देता म्हणायचं, ‘मला तुमची जागा द्याल का?’ या कल्पनेचं मूळ त्यांच्या सासूबाईंच्या तक्रारीत होतं. गाडीत म्हाताऱ्या बाईला कुणी उठून जागा का देत नाही, असं त्यांनी विचारलं होतं. विद्यार्थी कचरायला लागले म्हणून मिलग्रॅम स्वतः गेले, तर शब्द घशातून बाहेर येईनात. शेवटी जागा मिळाली तेव्हा आपण खरंच आजारी आहोत असं दाखवण्याची त्यांना गरज वाटू लागली. मान आपोआप खाली गेली, चेहरा पांढरा पडला. दुसऱ्यांना विजेचे झटके देतोय असं भासवून माणसाचा आज्ञाधारकपणा मोजणारा हाच तो मिलग्रॅम! तो जर एका सीटपुढे गारठला, तर आम्ही डोंबिवलीकरांनी काय करावं?

न्यूयॉर्कच्या सीटपेक्षा आमच्या लेडीज डब्यातली सीट फारच गुंतागुंतीची असते, हे पुरुष वाचकांसाठी सांगायला हवं. आत शिरलं की आधी ‘कुठे?’ विचारायचं. नुसत्या भुवया उडवल्या तरी चालतं. बसलेली ‘ठाणा’ म्हणाली की ती सीट ठाण्यापासून तुमची. तुम्ही घाटकोपरला उतरणार असाल तर घाटकोपरपासून ती तिसरीची, आणि तिनं ते आधीच तुमच्याकडून कबूल करून घेतलेलं असतं. म्हणजे एका सीटवर बसते एक बाई, पण हक्क असतात तिघीचौघींचे. कागद नाही, सही नाही, तरी हा करार सहसा मोडत नाही. त्यातून बाक तिघींचा आणि बसायचं चौघींनी. चौथीला फक्त एक बाजू टेकवायला मिळते, तरी ‘चौथी सीट मिळाली’ असं ती घरी जाऊन कौतुकानं सांगते.

माझ्या रोजच्या ग्रुपला टाळून मी दुसरी फास्ट पकडली. खिडकीशी विशीतली एक मुलगी कानात इअरफोन घालून बसली होती. तिच्या शेजारी मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडणाऱ्या काकू. मुंब्रा गेलं तरी माझं तोंड उघडेना. जीभ टाळूला चिकटली होती आणि तळहाताला घाम सुटून वरची कडी निसटत होती. शेवटी मुलीकडे वाकून म्हटलं, “मला तुमची सीट हवी आहे. द्याल का?”

तिनं एक इअरफोन काढला. “काय?”

तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणण्याइतकी मोठी शिक्षा नाही. तरी म्हटलं. तिनं आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग पायांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. यातलं काय सापडलं कोण जाणे, पण ती उठली. ‘कुठे?’सुद्धा न विचारता मी तिच्या जागी बसले.

आणि मग जे सुरू झालं त्याची तयारी सरांनी करून घेतली नव्हती.

“चक्कर येतेय का गं?” काकूंनी मेथी बाजूला ठेवली.

“नाही.”

“सकाळी काही खाल्लंयस?”

“हो, पोहे.”

“पाणी दे गं तिला,” हा हुकूम समोरच्या बाकाला. बाटली आली. कुठल्याशा पर्समधून आवळा सुपारी आली. मी घाईघाईनं सांगितलं, “मला खरंच काही होत नाहीये. मला फक्त बसायचं होतं.”

क्षणभर कुणी बोललं नाही. मग समोरून एक चष्मेवाली फार मायेनं म्हणाली, “होतं असं. चाळिशीनंतर अंगात रक्तच राहत नाही. माझ्या वहिनीचं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं आणि ती पण असंच म्हणायची, मला काही नाही, मला काही नाही.” पाच मिनिटांत माझं निदान झालं, बीट आणि खजूर सुरू झाले, आणि त्या वहिनींच्या डॉक्टरांचा पत्ता मला तोंडपाठ झाला. मी नियम मोडला होता. डब्यानं तो माझ्या देखत सांधून टाकला. मी विचित्र नव्हते, आजारी होते. आजाऱ्याला सीट द्यायचीच असते, म्हणजे काही मोडलंच नाही.

भांडण झालं ते भलत्याच बाजूनं. दारापाशी उभी असलेली एक निळ्या पंजाबी ड्रेसमधली बाई गर्दीतून वाट काढत आली. “ही सीट घाटकोपरपासून माझी होती. ती घाटकोपरला उतरणार होती.” खरंच की! मुलीनं मला दिली ती फक्त घाटकोपरपर्यंतची सीट; पुढची तिची नव्हतीच. आता माझा प्रश्न बाजूला राहिला आणि बाकावर कायदेशीर चर्चा सुरू झाली. एकीचं म्हणणं, आजारी माणसापुढे नंबर चालत नाही. दुसरीचं म्हणणं, मग ज्यानं त्यानं आजारी पडावं. काकूंनी निकाल दिला: “घाटकोपरला उठेल ती. तोवर बरं वाटेल तिला. वाटेल ना गं?”

घाटकोपरला मी उठले. मला बरं वाटत होतं.

मिलग्रॅमच्या प्रयोगात कारण न देता मागितलेली जागा ६८ टक्के वेळा मिळाली होती. कुणी उठलं, कुणी सरकून जागा केली. ‘उभ्यानं पुस्तक वाचता येत नाही’ असं फुटकळ कारण दिलं तेव्हा हा आकडा ४२ टक्क्यांवर आला. वर्गात ऐकलं तेव्हा हे मला उफराटं वाटलं होतं. काकूंच्या शेजारी बसून आल्यावर वाटेनासं झालं. कारण दिलं नाही की लोक आपल्या मनानं मोठं कारण पुरवतात. आपण क्षुल्लक कारण दिलं की त्यांच्या दयेला वावच उरत नाही. पुस्तकाचं कारण मीही एका गाडीत देऊन पाहिलं. बसलेली बाई म्हणाली, “मग मोबाइलवर ऐका ना,” आणि डोळे मिटून घेतले.

बाजारातला प्रयोग लवकर आटपला. भाजीवाल्या मावशींनी मेथीची जुडी वीस सांगितली. मी म्हटलं, तीस घ्या. त्यांनी नोट उजेडाकडे धरून पाहिली, मग मला विचारलं, “मागची काही बाकी होती का?” नव्हती. तर त्यांनी दुसरी जुडी आणि मूठभर कोथिंबीर पिशवीत कोंबली आणि आता बरोबर झालं म्हणाल्या. सुपरमार्केटच्या काउंटरवर तांदळाच्या पिशवीचा भाव पाडून मागितला, तर तिथल्या मुलानं शांतपणे सांगितलं की सिस्टिममध्ये होत नाही, पण दोन घेतल्यात तर ऑफर आहे. गारफिंकलच्या विद्यार्थ्यांनाही असंच आढळलं होतं. काउंटरपाशी जाईपर्यंतच धडधड व्हायची. पुढे कित्येकांना सवलत मिळाली आणि काहींनी ठरवलं, की हे यापुढेही करायचं.

रागानं मात्र मला रिक्षाच्या रांगेत गाठलं. संध्याकाळची वेळ, डोंबिवली पूर्वेला शेअर रिक्षाची लाइन जिन्यापर्यंत गेलेली. मी पुढच्या बाजूला दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. पुढच्यांना पत्ताच नव्हता. सगळ्यात मागचे फक्त बघत होते, आणि बघत होते ते माझ्याकडे नव्हे, माझ्या लगेच मागच्या माणसाकडे. जणू हे त्याचं खातं. मिलग्रॅमच्या गटानं न्यूयॉर्कमध्ये १२९ रांगांत घुसून पाहिलं होतं (१९८६ मध्ये ते छापून आलं), आणि तिथंही बोलायची जबाबदारी बहुतेक वेळा घुसणाऱ्याच्या लगेच मागे असलेल्यावरच पडत होती. एक घुसला तर साधारण निम्म्या रांगांत कुणीतरी हरकत घेई, दोघे घुसले की दहातल्या नऊ रांगांत.

मागचे गृहस्थ सभ्य होते. “ताई, हे पुढचे तुमच्यासोबत आहेत का?”

“नाही.”

“घाई आहे का? दवाखाना वगैरे?”

“नाही, घाई काही नाही.”

“मग?”

या ‘मग’ला उत्तर नव्हतं, आणि तो क्षण मला अजून नीट आठवतो, कारण त्यांचा चेहरा तिथं बदलला. तोवर ते मला सोडवत होते. एकामागून एक दोन पळवाटा त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या, आणि मी त्या नाकारल्या. आता रांगेतून ‘ओ बाई’, ‘शिकलेल्या दिसतात’, ‘असंच चालतं हल्ली’ सुरू झालं. मी शेवटी जाऊन उभी राहिले तरी धुसफूस थांबली नाही. घुसले तेव्हा त्यांना फारसा राग आला नव्हता. सबब घेतली नाही, तेव्हा आला. लिफ्टमधल्या त्या प्रश्नचिन्हाशेजारी मी घरी जाऊन हे लिहिलं, आणि इतके दिवस गोंधळून नुसत्याच गोळा केलेल्या नोंदी पहिल्यांदा एकमेकींशी बोलायला लागल्या.

उरलं घर. गारफिंकलनी विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की पंधरा मिनिटं ते तासभर स्वतःच्या घरात परक्यासारखं वागा. विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका, अदबीनं बोला. ४९ जणांच्या हकिकती आल्या. पाच जणांची हिंमतच झाली नाही, चौघांचं जमलं नाही, आणि बाकीच्यांच्या घरात हलकल्लोळ झाला. आजारी आहेस का, कामाचा ताण आहे का, होणाऱ्या बायकोशी भांडलास का!

मी रविवारची सकाळ निवडली. “आई, मी फ्रिज उघडला तर चालेल का?” सासूबाईंनी पेपरातून मान वर केली आणि परत खाली घातली. नवऱ्याला म्हटलं, “आपल्याला पंख्याचा त्रास तर होत नाही ना?” मुलगा उठून आला तेव्हा विचारलं, “आपण चहा घेणार की दूध?”

मराठी घरात बाईनं एवढ्या अदबीनं बोलणं म्हणजे वादळाची सूचना, हे मी विसरले नव्हते; पण परिणाम इतका झपाट्यानं होईल असं वाटलं नव्हतं. मुलगा जागीच थांबला. “तुला गणिताचे मार्क कळले का?” कळले नव्हते. आता कळले. नवऱ्यानं ‘मी काय केलं?’ असं दोनदा विचारलं आणि उत्तर न मिळाल्यावर पान्हा शोधून मोरीचा नळ दुरुस्त करायला बसला. तो नळ गणपतीपासून गळत होता. माझी बहीण फोनवर आली: “तुमचं काही वाजलंय का? आत्ता तुझ्या सासूबाईंचा फोन होता.”

सासूबाई स्वतः मात्र चकार शब्द बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी माझ्यासमोर चहा आणून ठेवला, पाहुण्यांच्या कपबशीत, सोबत ताटलीत चार बिस्किटं. “घ्या. संकोच करू नका. आपलंच घर समजा.”

मी हसले आणि प्रयोग संपला. त्यांना सगळं सांगितलं, अमेरिकेपासून आवळा सुपारीपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं.

“आणि मोडून झालं की पुढे काय करायचं?”

“पुढे लिहायचं.”

“बस्स?”

सादरीकरणाच्या दिवशी वर्गात हशा पिकला. सरांनी सांगितलं की आपल्याकडे हा खेळ पुण्यात एका माणसानं गारफिंकलच्या कितीतरी आधी खेळून ठेवलाय. डॉ. आनंदीबाईंचे यजमान, गोपाळराव जोशी. १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी जमली. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी यजमानांचा मान म्हणून नुसता कप हातात धरला. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि पुण्याची मजा बघत बसले. वाळीत टाकण्यासाठी ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. काशीला प्रायश्चित्त घेतलंय असं टिळकांनी सांगितलं, पुढे १८९२ मध्ये रानड्यांनीही घेतलं आणि सुधारक त्यांच्यावर उखडले. मला आपलं काकूंचं निदान आठवत होतं. प्रायश्चित्त म्हणजे त्या काळची ‘चक्कर येतेय का गं?’ एवढं कबूल करा, म्हणजे आपल्याला पुन्हा एका पंगतीला बसता येईल.

तेव्हा मागच्या बाकावरचा, ‘मारलं तर?’ विचारणारा मुलगा उठला. त्यानं प्रयोग केला नव्हता. तो महाडकडचा. “मॅम, तुम्हाला आवळा सुपारी मिळाली. आमच्या लोकांनी चवदार तळ्यातलं पाणी प्यायलं तेव्हा कुणी विचारलं नाही, की बरं वाटत नाहीये का?” १९२७चा मार्च. नगरपालिकेनं तळं आधीच सगळ्यांना खुलं केलं होतं, तरी डॉ. आंबेडकरांबरोबर पाणी प्यायलेल्यांना मारहाण झाली आणि तळं शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ‘शुद्ध’ केलं गेलं. मुलगा शांतपणे बोलत होता. “मी भाड्यानं खोली बघायला जातो. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असते. तिथं मी कुठला नियम मोडतो, सर?”

सर म्हणाले की गारफिंकलचं अगदी सुरुवातीचं लिखाणही याच जागी सुरू होतं. १९४० मध्ये, विद्यार्थी असताना, त्यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या एका बसबद्दल लिहिलं होतं. मागे जाऊन बसायला नकार देणारी एक काळी तरुणी, चिडलेला ड्रायव्हर, पोलीस आणि ताटकळलेले प्रवासी. ती तरुणी बहुधा पॉली मरे होती, पुढे नागरी हक्कांच्या लढ्यात गाजलेली वकील, असं नंतर अभ्यासकांनी ताडलं. सीटचाच मामला; पण तिच्यापुढे कुणी पाण्याची बाटली धरली नाही. माझ्या वहीतल्या सगळ्या गमती त्या तासाला जरा मिटल्यासारख्या वाटल्या. सबबी माझ्यासाठी तयार होत्या, कारण मी त्यांच्यातली धरली गेले होते. ज्याला बाहेरच ठेवायचंय त्याच्यासाठी कोण कशाला सबब शोधेल?

प्रकल्प देऊन झाला. मार्क बरे मिळाले.

संक्रांतीनंतर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीकुंकू असतं. सासरे गेल्यापासून सासूबाई त्या दिवशी घरीच असतात. तिळाचे लाडू वळतात, वाणाच्या पिशव्या भरून देतात, खाली येत नाहीत. कुणी नको म्हटलेलं नाही. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं आवाहन केलं, तेव्हा टीव्हीवरची ती बातमी त्यांनी शेवटपर्यंत पाहिली होती. मी पोळ्या करत होते, विषय निघाला नाही.

या वर्षी मी हॉलमध्ये वाण मांडत होते आणि त्या आल्या. रोजचीच फिकी साडी. सरळ जाऊन बायकांच्या रांगेत खुर्चीवर बसल्या. कुंकवाचा करंडा घेऊन फिरणारी तिसऱ्या मजल्यावरची नवी सून त्यांच्यापाशी पोचली आणि तिचा हात हवेतच राहिला.

“काकू, भजन उद्या आहे ना? आज नाही,” कुणीतरी गोड आवाजात म्हणालं.

“चष्मा विसरल्या वाटतं वर.”

“वय झालं हो, लक्षात राहत नाही.”

दुसरी एक माझ्याकडे वळली, “अगं, बरं आहे ना त्यांना?”

सगळ्या सबबी माझ्या ओळखीच्या होत्या. आवाजातली माया तेवढीच, घाईही तीच. मला फक्त ‘हो, हल्ली जरा विसरतात’ एवढं म्हणायचं होतं.

“चष्मा डोळ्यांवर आहे,” सासूबाई म्हणाल्या. “भजन उद्या आहे ते मला ठाऊक आहे. लाव गं.”

त्या सुनेनं आधी आपल्या सासूकडे पाहिलं, तिथून काही इशारा आला नाही, मग तिनं हळद लावली, कुंकू लावलं आणि भलतंच जास्त लावलं. सेक्रेटरींच्या मिसेस वाण न घेता निघून गेल्या. त्यांच्यापाठोपाठ आणखी दोघीतिघी, मुलांची परीक्षा आहे म्हणत. पहिल्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना मी कधीच खाली आलेलं पाहिलं नव्हतं, त्यांनी आपल्या मुलीला खाली पाठवलं. आजी स्वतः येतील असं वाटत होतं, पण त्यांनी फक्त निरोप पाठवला की लाडू द्या. बाकीच्या बसल्या, आणि कुणीतरी उखाणा घ्यायला लावलाच.

वर जाताना लिफ्टमध्ये सासूबाई वाणातला स्टीलचा डबा उलटापालटा करून बघत होत्या. झाकण नीट बसत नव्हतं.

“लिहून घेतलंस का?”

“प्रकल्प केव्हाच दिला, आई.”

“मग राहू दे,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी हळदीकुंकू आपल्याकडे ठेवू. सेक्रेटरीणबाईंना बोलवायला मी स्वतः जाईन. आणि वाण जरा बरं आण, हे असले डबे नकोत.”